कोबॉट + डिजिटल ट्विन: सिम्युलेशनमध्ये 42 सेकंद, लाईनवर 55, नक्की अडतंय कुठे?

सायकलटाइम (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी, इतके दिवस वाचनमात्र होतो, आता गळ्याशी आलंय म्हणून धागा काढतोय. लांबलाय, सांभाळून घ्या.

असेंब्लीच्या एका स्टेशनवर कोबॉट (माणसाच्या शेजारी कुंपणाशिवाय चालणारा रोबो-हात) बसवलाय. काम तसं साधं आहे. ऑपरेटर फिक्स्चरवर (पार्ट जागेवर धरणारा साचा) हाऊसिंग ठेवतो, गॅस्केट बसवतो, वायर हार्नेस आत दाबून क्लिप लावतो आणि बाजूला होतो. मग कोबॉट कव्हर आणून ठेवतो आणि मनगटावरच्या स्क्रूड्रायव्हरने सहा स्क्रू टॉर्कला आवळतो. तोपर्यंत ऑपरेटर मागच्या रॅकवर पुढच्या पीसचं हार्नेस तयार करतो. कुंपण नाही, खाली सेफ्टी स्कॅनर (जवळ कोणी आलं ते टिपणारा सेन्सर) आहे, जमिनीवर पिवळा आणि लाल पट्टा मारलाय. पिवळ्यात कोणी आलं की हात हळू होतो, लालमध्ये आलं की अजून हळू.

यासोबत इंटिग्रेटरने (स्टेशन बसवून देणारी कंपनी) डिजिटल ट्विन, म्हणजे स्टेशनची संगणकातली जिवंत प्रतिकृती, दिलंय. मोठ्या स्क्रीनवर अख्खं स्टेशन लाईव्ह दिसतं, रोबोचा प्रत्येक सांधा, प्रत्येक स्क्रूचा टॉर्क, आणि वरच्या कॅमेऱ्यावरून ऑपरेटर कुठे उभा आहे तेसुद्धा, एक निळा माणूस इकडून तिकडे फिरताना दिसतो. पाहुणे आले की सगळ्यात आधी तिथेच नेतात.

प्रॉब्लेम असा की ऑर्डर देताना सिम्युलेशनमध्ये सायकल, म्हणजे एका पीसचा वेळ, 42 सेकंद दाखवली होती (18 लोडिंगचे, 24 स्क्रूचे) आणि प्रत्यक्षात 52 ते 58 येतंय, शिफ्टच्या उत्तरार्धात तर जास्तच. वरचे म्हणतात ऑपरेटर स्लो आहेत, ऑपरेटर म्हणतात तुमचा रोबो सारखा अडखळतो, आणि इंटिग्रेटर म्हणतो मॉडेल बरोबर आहे, माणसांना ट्रेनिंग द्या. मी मधल्यामध्ये.

आता मीटिंगमध्ये एकाने आयडिया काढली की ट्विनला माणूस दिसतोच आहे तर स्कॅनरचे पट्टे छोटे करा किंवा काढूनच टाका, ट्विन स्वतःच ठरवेल हात कधी हळू करायचा. ऐकायला भारी वाटतं पण पोटात गोळा येतो. हे असं करतात का कोणी? आणि हे 10-15 सेकंद जातात कुठे ते शोधायचं कसं? कोणी असल्या सेटअपवर काम केलं असेल तर जरा उजेड पाडा.

---

लाल_बटण

पट्टे काढून ट्विनवर सोडायच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो कारण ते एका शब्दाचं आहे: नाही.

आता कारण. रोबोच्या सेफ्टी फंक्शनला आयएसओ 10218 (रोबोच्या सुरक्षेचं आंतरराष्ट्रीय मानक) साधारणपणे पीएल डी, कॅटेगरी 3 (सेफ्टी किती भरवशाची ते सांगणाऱ्या श्रेणी) मागतं. म्हणजे आतला एखादा भाग बिघडला तरी सेफ्टी फंक्शन चाललं पाहिजे. स्कॅनर, सेफ्टी पीएलसी (मशीन चालवणारा औद्योगिक कंट्रोलर), रोबोचा सेफ्टी कंट्रोलर ही साखळी त्या हिशोबाने बनवलेली आणि तपासलेली असते. तुमचं ट्विन म्हणजे साधा कॅमेरा, एक पीसी, मधे नेटवर्क, वर कुठलं तरी सॉफ्टवेअर. पीसी हँग झाला की निळा माणूस जिथे होता तिथेच उभा दिसणार आणि खरा माणूस हाताखाली पोचलेला असणार. सेफ्टी रेटेड कॅमेरा सिस्टिम असतात, नाही असं नाही, पण ती वेगळी वस्तू, तुमचा ओव्हरहेड कॅमेरा म्हणजे ती नव्हे.

ट्विनला माणूस दिसतोय तर त्याचा उपयोग जरूर करा, पण सेफ्टीच्या बाहेर. माणूस रॅककडून निघाला हे आधी कळलं तर रोबोने लांबचा स्क्रू आधी घ्यावा, आपणहून वेग कमी करावा, म्हणजे पट्ट्यात आल्यावर एकदम ब्रेक लागल्यासारखं होणार नाही. सल्ला ट्विनने द्यावा, शेवटचा शब्द स्कॅनरचा.

आता पट्टे छोटे करण्याबद्दल. ते पट्टे कोणी मनाने मारलेले नसतात (निदान नसावेत!). माणूस चालत येतो तो वेग हिशोबात 1600 मिमी प्रति सेकंद धरतात. स्कॅनर आणि कंट्रोलरला कळायला 0.2 सेकंद आणि हात थांबायला 0.3 सेकंद धरा, हे नमुन्याचे आकडे आहेत, तुमचे मोजून घ्या. तेवढ्यात माणूस 800 मिमी आत आला. त्यात आडव्या स्कॅनरसाठी 1200 वजा 0.4 गुणिले स्कॅनरची उंची एवढं अंतर वाढवावं लागतं, कारण पाय दिसेपर्यंत हात पुढे पोचलेला असतो. स्कॅनर 200 मिमी उंचीवर असेल तर हे 1120. झाले 1920 मिमी, आणि रोबोने स्वतः त्या वेळात कापलेलं अंतर अजून धरलेलंच नाही. म्हणजे दोन मीटरच्या वरच गेलो. कुंपण काढलं की जागा वाचते असं ज्यांना वाटतं त्यांना हा हिशोब एकदा करायला लावा.

आणि सेकंद जातात कुठे या तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे. ऑपरेटर फिक्स्चरपाशी उभा म्हणजे तो या अंतराच्या आतच. मग तिथे अंतर राखून चालवायचा प्रकार लागूच होत नाही, तिथे ताकद आणि वेग मर्यादित ठेवून चालवायचं, धक्का लागला तरी दुखापत होणार नाही इतपत. आयएसओ टीएस 15066 मध्ये (2016 चं) शरीराच्या 29 ठिकाणांसाठी मर्यादा दिल्यात, हात-बोटं चिमटली तर 140 न्यूटन, चेहऱ्याला 65. त्या मर्यादेत राहायचं तर वेग कमीच ठेवावा लागतो. सिम्युलेशनमध्ये वेग कुठला टाकला होता ते विचारा इंटिग्रेटरला. पैजेवर सांगतो, फुल स्पीड.

अजून एक, कोबॉट आहे म्हणून सेफ आहे हे डोक्यातून काढा. हात कितीही मऊ असू दे, टोकाला स्क्रूड्रायव्हरचा बिट आहे की नाही? 2025 च्या नव्या आयएसओ 10218 ने तर कोलॅबोरेटिव्ह रोबो हा शब्दच बाजूला ठेवलाय, आता कोलॅबोरेटिव्ह ॲप्लिकेशन म्हणायचं. रोबो, ग्रिपर, पार्ट, फिक्स्चर, माणूस सगळं धरून जे काय होतं ते.

---

वाचनमात्र_77

वाचनखूण साठवली. लाल_बटण यांना दंडवत, तो 1200 चा फॉर्म्युला आमच्याकडे कोणालाच माहीत नव्हता, सगळे पट्टे टेपच्या रुंदीवर ठरतात.

---

मॉडेल_आणि_मी

लाल_बटण यांच्याशी सहमत, उरलेलं अर्धं मी सांगतो, पोटापाण्याचा धंदा तोच आहे.

आधी एक विचारतो, तुमच्या स्क्रीनवरून खाली काही जातं का? म्हणजे ट्विनने ठरवलं आणि रोबोने ऐकलं असं काही? की नुसता डेटा वर येतो आणि चित्र हलतं? नुसतं वर येत असेल तर त्याला डिजिटल शॅडो म्हणतात, ट्विन नाही. 2018 मध्ये क्रिट्झिंगर आणि मंडळींनी ही फोड केली होती: हाताने भरलेलं ते मॉडेल, आपोआप वर येतं ती शॅडो, दोन्हीकडून आपोआप जातं-येतं ते ट्विन. विकताना तिन्हीला ट्विनच म्हणतात. मुळात मायकेल ग्रीव्ह्ज यांनी 2002 मध्ये ही कल्पना मांडली तेव्हाही खरी वस्तू, आभासी वस्तू आणि दोघांमधला दुवा अशीच तिघांची मोट होती. तुमच्याकडे दुवा एकेरी आहे असं दिसतंय.

आता सेकंदांचं. समजा रोबोचं स्क्रूचं काम ठाम 24 सेकंद. ऑपरेटरचं रॅकवरचं काम सरासरी 24. सिम्युलेशनवाला म्हणणार दोघं एकाच वेळी मोकळे होतात, सुंदर, 24 धरा. पण माणूस सरासरीने काम करत नाही ना राव. कधी हार्नेस पटकन सुटतं, कधी गुंतलेलं असतं. समजा निम्म्या वेळा 20 लागले आणि निम्म्या वेळा 28. सरासरी 24 च. पण 20 लागले तेव्हा तो रोबोसाठी थांबणार, म्हणजे 24, आणि 28 लागले तेव्हा रोबो त्याच्यासाठी थांबणार, म्हणजे 28. स्टेशनची सरासरी 26! कोणीही स्लो नाही, कोणीही चुकलं नाही, आणि दोन सेकंद गेले. दोघांनी दर सायकलला एकमेकांची वाट बघायची असली की हे होणारच. प्रत्यक्षात चढउतार याहून जास्त असतो, आणि शिफ्टच्या उत्तरार्धात तो वाढतो, सरासरी फार न हलता. तुमचं "उत्तरार्धात जास्त" मला तरी तिथलंच वाटतंय.

यावर ट्रेनिंग हा उपाय नाही. उपाय म्हणजे दोघांच्या मध्ये एका पीसची उसंत द्या. दुसरं फिक्स्चर लावा, ऑपरेटर एकावर भरतोय तोवर रोबो दुसऱ्यावर आवळतोय. मग माणसाचे चार सेकंद इकडे तिकडे झाले तरी रोबो उपाशी बसत नाही.

शोधायचं कसं विचारलंत. लॉग काढा: पिवळ्या पट्ट्याची एंट्री-एक्झिट, रोबोचा वेग, प्रत्येक प्रोटेक्टिव्ह स्टॉप (सेफ्टीमुळे रोबो आपोआप थांबणं), स्क्रू सुरू-बंद. पण त्याआधी घड्याळं जुळवा. पीएलसीचं एक, रोबो कंट्रोलरचं दुसरं, कॅमेरा पीसीचं तिसरं, आणि तिघं आपापल्या तंद्रीत असतात. एनटीपीने (नेटवर्कवरून घड्याळं जुळवायची पद्धत) एका सर्व्हरला बांधा सगळ्यांना, नाहीतर माणूस आत यायच्या आधीच रोबो हळू झाला असले चमत्कार दिसतील आणि त्यावरून मीटिंगमध्ये भांडणं होतील.

अजून एक बारीकशी गोष्ट, रोबोच्या सेटिंगमधला पेलोड (हाताने धरलेलं वजन) आणि गुरुत्वमध्य बघा. कव्हर उचललेलं असताना आणि नसताना वेगळे टाकलेत का? एकच ठेवला असेल तर कव्हरचं वजन रोबोला बाहेरून कोणीतरी ढकलतंय असं वाटतं आणि कारण नसताना थांबतो. "सारखा अडखळतो" यात थोडा वाटा याचा असू शकतो.

---

बी_शिफ्टवाली

इथे सगळे साहेब लोक बोलताहेत, मी स्टेशनवर उभी राहणारी आहे, वेगळ्या कंपनीत पण असंच काम. दोन शब्द बोलते.

तुम्ही म्हणता ऑपरेटर स्लो. तुम्ही एकदा तिथे उभे राहून बघा. मी क्लिप दाबत असते तेव्हा नजर क्लिपवर पाहिजे ना, पण अर्धी नजर हाताच्या कोपरावर असते. ग्रिपर कुठे जाणार ते कळतं, तो फिक्स्चरकडेच येणार, पण कोपर कुठून वळणार ते कळत नाही. आमच्याकडे सुरुवातीला प्रोग्राम असा होता की सॉफ्टवेअर दर वेळी सगळ्यात जवळचा रस्ता स्वतः काढायचं, एकदा कोपर वरून यायचं, एकदा माझ्या खांद्याच्या बाजूने. लागणार नाही हे मला माहीत होतं, ट्रेनिंगमध्ये स्वतःचा हात लावून थांबवून दाखवलं होतं. तरी अंग आपोआप मागे व्हायचं. प्रत्येक पीसला एक सेकंद मागे, एक सेकंद पुढे. ते तुमच्या स्क्रीनवर दिसतं का? निळा माणूस दोन इंच हलतो, बस.

मग एका प्रोग्रामरने माझं ऐकलं आणि कायम एकच रस्ता ठेवला, थोडा लांबचा, कोपर नेहमी वरून. रोबोचा वेळ वाढला आणि स्टेशनचा कमी झाला. त्याला स्वतःलाच नवल वाटलं.

दुसरं, हात थांबलेला असताना तो का थांबलाय हे कळलं पाहिजे. माझी वाट बघतोय, का एरर आलाय, का आता निघणारच आहे, तिन्ही वेळा दिसायला सारखाच. आम्ही मनगटाजवळ दिव्याची रिंग लावून घेतली, निघायच्या आधी रंग बदलतो, झालं. आणि "माझं झालं" हे बटण माझ्याकडे पाहिजे. सेन्सरने हार्नेस दिसलं की हात निघतो असं असेल तर माणूस घाई करतो, क्लिप अर्धी बसते, मग ती पुढे टेस्टिंगला निघते, ते सेकंद तुम्ही कोणाच्या नावावर मांडता?

आणि तो मोठा स्क्रीन. कोणाकडे तोंड करून लावलाय? आमच्याकडे ऑफिसच्या काचेकडे होता. मी कुठे उभी आहे ते सगळ्यांना दिसायचं, मला सोडून. सायकलटाइम भाऊ, तुम्ही ऑपरेटरला सांगितलंय का त्या कॅमेऱ्याचा डेटा कोण बघतं आणि किती दिवस ठेवतात? नसेल सांगितलं तर बाकी सगळं सोडा, आधी ते करा.

---

जुना_फिटर

बी_शिफ्टवाली ताई एक नंबर. बाकीच्यांना माझा एक आगाऊ सवाल, मुळात इथे कोबॉट पाहिजेच होता का?

पहिला औद्योगिक रोबो, युनिमेट, 1961 ला जनरल मोटर्सच्या न्यू जर्सीच्या कारखान्यात लागला, तेव्हापासून माणूस एकीकडे आणि मशीन एकीकडे हे चालत आलंय. आणि ते उगाच नाही, 1979 च्या जानेवारीत मिशिगनमध्ये फोर्डच्या फाउंड्रीत पार्ट काढायला रॅकवर चढलेला कामगार रोबोच्या धडकेने जागच्या जागी गेला. कुंपणं अशीच वाढत गेली.

कोबॉट ही मूळ कल्पना तर फारच वेगळी होती. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या कोलगेट आणि पेश्किन यांनी 1996 मध्ये जो काढला त्याला स्वतःच्या ताकदीने हलायची सोयच नव्हती. ताकद माणसाची, रोबो फक्त दिशा धरून ठेवायचा, जड पार्ट नेमक्या जागी जावा म्हणून. मला विचाराल तर एकत्र काम ते खरं. 2008 पासून युनिव्हर्सल रोबोट्सचे ते हलके हात आले आणि शब्दाचा अर्थच फिरला. आता कुंपण नसलेला रोबो म्हणजे कोबॉट. मी पाहिलेल्या बहुतेक ठिकाणी रोबो आणि माणूस एकत्र काम करत नाहीत, शेजारी शेजारी करतात, आणि दोघं एकमेकांना अडतात.

सायकलटाइम राव, तुमच्याच वर्णनात बघा, ऑपरेटर भरतो, बाजूला होतो, मग रोबो. दोघांचे हात एकाच वेळी पार्टवर कुठे आहेत? मग दोन फिक्स्चरचं फिरतं टेबल घ्या, एक बाजू माणसाची, एक बाजू रोबोची, मधे पत्रा आणि समोर लाईट कर्टन (हात आत गेला की मशीन थांबवणारा प्रकाशकिरणांचा पडदा). साधा रोबो पूर्ण वेगात पळू दे. 24 चे 14 होतील. पण मग ब्रोशरवर फोटो चांगला येत नाही ना.

ट्विनबद्दल एवढंच की 1983 मध्ये लिझान बेनब्रिज नावाच्या बाईंनी लिहून ठेवलंय, जेवढं तुम्ही मशीनवर टाकता तेवढं माणसाकडे उरलेलं काम अवघड होत जातं, कारण सोपं सगळं मशीन घेतं आणि फसलं की मात्र सराव सुटलेल्या माणसाला बोलावतं. टेस्लाने मॉडेल 3 ला अती ऑटोमेशन केलं आणि 2018 मध्ये मस्कने स्वतःच कबूल केलं की ती चूक होती, माणसांना कमी लेखलं जातं. ज्याच्याकडे इतके पैसे त्याची ही गत.

---

मॉडेल_आणि_मी

@जुना_फिटर, फिरत्या टेबलाचा मुद्दा मान्य, इथे तो बसतोही. पण "मुळात पाहिजेच का" हे सगळीकडे लावू नका. आज हे हाऊसिंग, चार महिन्यांनी दुसरं, बॅच लहान, तिथे पत्रा आणि कर्टन दर वेळी हलवत बसणं परवडत नाही. कोबॉट वेगासाठी घेतच नाहीत, दुसऱ्या कामाकडे वळवता येतो म्हणून घेतात.

आणि ट्विनला एवढं झोडपू नका. त्याचा खरा फायदा पाहुण्यांसाठीच्या स्क्रीनवर नाही, बसवायच्या आधी आहे. पीएलसीचा खरा प्रोग्राम आभासी स्टेशनला जोडून चालवायचा, म्हणजे इंटरलॉक (एक झाल्याशिवाय दुसरं सुरू न होऊ देणारी अट) चुकलाय, दोन सिग्नल एकमेकांची वाट बघत बसलेत, हे लोखंड यायच्या आधी कळतं. व्हीआर हेडसेट घालून ऑपरेटरला त्या आभासी स्टेशनसमोर उभं करायचं. बी_शिफ्टवालींनी सांगितलेलं कोपर तिथेच पकडता आलं असतं, कारण अंग मागे व्हायला खरा रोबो लागत नाही, नुसता दिसला तरी होतं. पण बहुतेक प्रोजेक्टमध्ये हेडसेट मॅनेजर घालून बघतो, वा वा म्हणतो, आणि ऑपरेटरला स्टेशन पहिल्यांदा दिसतं ते बोल्ट केल्यावर.

---

लाल_बटण

जुना_फिटर, 24 चे 14 हा आकडा कुठून आला? स्क्रू फिरायचा वेळ, टॉर्कला पोचायचा वेळ, तो रोबो पळवून कमी होत नाही. सहा स्क्रूमध्ये तो भागच मोठा असतो. बाकी टेबलाला माझा विरोध नाही, उलट सेफ्टीवाल्याला असलं काम आवडतं, सुटसुटीत.

अवांतर: 2021 मध्ये युरोपियन कमिशनने इंडस्ट्री 5.0 म्हणून कागद काढला, त्यात माणूस केंद्रस्थानी वगैरे आहे. इंडस्ट्री 4.0 (कारखान्यांचं डिजिटल ऑटोमेशन) हा शब्द 2011 च्या हॅनोव्हर मेळ्यात गाजला, म्हणजे माणूस आठवायला दहा वर्षं लागली. हलके घ्या.

---

सायकलटाइम

सगळ्यांचे मनापासून आभार. घड्याळं जुळवून लॉग काढला, सांगतो काय निघालं.

लाल_बटण पैज जिंकले. इंटिग्रेटरच्या सिम्युलेशनमध्ये रोबो पूर्ण सायकलभर फुल स्पीडला. माणूस त्यात होता, पण एक बाहुला, ठरलेल्या जागी ठरलेल्या सेकंदाला जाणारा, आणि तो पट्ट्यात आला तरी वेगावर काही परिणाम नाही. विचारल्यावर म्हणाले तो डेमोसाठी होता.

दुसरं जे निघालं त्याची मी कल्पनाच केली नव्हती. आमचे ऑपरेटर रॅककडे गेल्यावर पिवळा पट्टा रिकामा असायला पाहिजे आणि रोबो वेगात चालायला पाहिजे, बरोबर? तर लॉगमध्ये पट्टा त्या वेळातही बराच भरलेला. कोण येतंय म्हणून जाऊन उभा राहिलो तर मटेरियलची ट्रॉली. शेजारच्या लाईनला बिन देणारा माणूस वळताना ट्रॉलीचं मागचं चाक पिवळ्यात ठेवतो, बिन उतरवेपर्यंत ते तिथेच. आमचा रोबो त्या चाकाला माणूस समजून गोगलगाय होतो, कारण स्कॅनरला काय, पायाच्या जाडीची कुठलीही वस्तू सारखीच. आणि ट्विनच्या स्क्रीनवर ट्रॉली दिसतच नाही, कारण ती मॉडेलमध्ये नाहीच. निळा माणूस रॅकपाशी, पट्टा रिकामा, आणि रोबो हळू चाललाय. इतके दिवस सगळे त्या स्क्रीनकडे बघून म्हणत होते रोबोला काहीतरी झालंय. शिफ्टच्या उत्तरार्धात शेजारची लाईन जास्त बिन ओढते, म्हणजे तिथला थोडा भाग याचाही.

पेलोडचं पण खरं निघालं, कव्हरसह आणि कव्हरशिवाय एकच आकडा होता. तो दुरुस्त केला, फुकटचे स्टॉप बरेच कमी झाले.

कॅमेऱ्याबद्दल ऑपरेटरशी बोललो. बी_शिफ्टवाली ताई, तुम्ही म्हणालात तसंच, त्यांना वाटत होतं स्क्रीनवरून त्यांची हजेरी आणि संडासला जायची वेळ मोजतात. मोजत नव्हतो, पण मोजता आली असती हेही खरं. आता व्यक्तीची ओळख न ठेवता नुसती जागा ठेवायची आणि शिफ्ट संपली की पुसायची असं लिहून लावलंय. वरून कुरकुर आहे, बघू.

आता ट्रॉलीचा रस्ता पलीकडून वळवतोय, दुसरं फिक्स्चर मंजुरीला टाकलंय, "माझं झालं" बटण मागवलंय. फिरत्या टेबलाला नाही म्हणाले, बॅच बदलते म्हणून. एकच राहिलं, दुसरं फिक्स्चर लावलं की रोबो एकावर आवळत असताना ऑपरेटर शेजारच्यावर हाताने भरत असणार, म्हणजे आत्तापेक्षा जास्त वेळ जवळ. मग वेग अजून कमी होऊन केलेलं सगळं पाण्यात जाणार का?

---

लाल_बटण

चांगला प्रश्न. दोन्ही फिक्स्चर खेटून लावलीत तर होय, जाईल. ऑपरेटरने आपल्या फिक्स्चरपाशी उभं राहून हात पूर्ण लांबवला तरी दुसऱ्यापर्यंत पोचणार नाही एवढं अंतर पहिल्यांदा बघा, आणि मधे कमरेपासून खांद्यापर्यंत येईल अशी एक पारदर्शक शीट उभी करा. कुंपण नको म्हणाले तरी शीटला नाही म्हणत नाहीत, अनुभव आहे. मग रोबोचा हात शीटच्या या बाजूला येणारच नाही अशी सेफ्टी प्लेन (हाताने न ओलांडायची आभासी भिंत) रोबोच्या सेफ्टी सेटिंगमध्ये टाका, नुसत्या प्रोग्राममध्ये नको.

वेग किती ठेवता येईल ते मोजूनच ठरेल. बल आणि दाब मोजायचं यंत्र भाड्याने आणा, जिथे हात चिमटू शकतो त्या जागा काढा, म्हणजे फिक्स्चरची कड, कव्हर ठेवतानाची फट, स्क्रूड्रायव्हर खाली येतानाची जागा. प्रत्येक ठिकाणी मोजा, मर्यादेत बसेल तिथपर्यंत वेग वाढवत न्या. बहुतेक वेळा फक्त शेवटच्या काही सेंटिमीटरला हळू जावं लागतं, वरचा प्रवास जरा जोरात चालतो. आणि फिक्स्चर हललं म्हणजे जुने रिपोर्ट बाद, इंटिग्रेटर कितीही म्हणाला तरी.

---

बी_शिफ्टवाली

शीट लावाल तेव्हा चकाकणारी नका घेऊ, वरच्या लाईटचं रिफ्लेक्शन येतं आणि क्लिप दिसत नाही. आणि उंची ठरवताना सगळ्यात ठेंगण्या ऑपरेटरला उभं करा.

---

सायकलटाइम

नोंद केली. ताई, तुमच्या रिंगचा दिवा निघायच्या किती आधी रंग बदलतो? आमचा प्रोग्रामर म्हणतो अर्धा सेकंद पुरे.

---

बी_शिफ्टवाली

अर्ध्यात बघून होतं, हात काढून होत नाही. आमचा एक सेकंदाचा आहे. तुमच्या लोकांना विचारून ठरवा, प्रोग्रामरला नको.